सखाहरी, सासरा आणि बर्फातला बिबट्या

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, मग मी मानीन तुम्हाला. शहाणी माणसं पहिल्याच वाक्याला उठून जातात. बसलात? बरं. मग ऐका.

एका गावात एक भोळा जावई होता. नाव सखाहरी. आईचा एकुलता एक. अंगानं धडधाकट, कामाला वाघ. पण सांगितलं तेवढंच करणार आणि सांगितलं तसंच करणार. सांगितलेलं विसरायचा मात्र नाही. कुणी काही शिकवलं की म्हणायचा, "बरं," आणि उपरण्याला एक गाठ मारायचा.

त्याचं लग्न झालं पलीकडच्या गावच्या सगुणाशी. सगुणाचा बाप कोंडाजी. जंगलखात्यात रखवालदार होता, आता घरी बसला होता. अक्षता पडल्या, पंगत बसली. कोंडाजी पंगतीतून फिरला, हात जोडले आणि रीतीप्रमाणं म्हणाला, "मंडळी, सावकाश होऊ द्या."

मंडळींनी जेवून हात धुतले. सखाहरी एक घास तोंडात टाकी, चावी, थांबे, पुढच्या घासाकडं बघे. दुपार कलली. वाढपी दमून भिंतीला टेकले. पाठवणीचा मुहूर्त टळला. गुरं रानातून घरी आली, तरी जावई अजून भातावरच.

"जावईबापू, उठताय ना?" कोंडाजी म्हणाला.

"मामा, तुम्हीच म्हणालात सावकाश होऊ द्या. होतंय अजून."

कोंडाजीनं डोक्याचा फेटा काढला, परत घातला. मग म्हणाला, "सगुणा राहील इथंच. माणूस घरात कळत नाही, डोंगरात कळतो. थंडीत मी हिमालयाला निघालोय. तिथं वर बर्फात राखीव जंगल आहे, त्यात बर्फातला बिबट्या असतो. सगळी जनावरं बघून झाली, तेवढं एक राहिलंय. गुडघे धड आहेत तोवर बघायचंय. तुम्ही चला बरोबर. बिबट्या डोळे भरून दिसला, की सगुणा तुमच्या घरी. नाही दिसला, तर पोरगी मला जड नाही."

सगुणा दाराआडून ऐकत होती. तिचं तोंड उतरलं. तिला तो आवडला होता. का, ते मला विचारू नका.

कोंडाजी तयारीला लागला. कुठल्या गाडीनं जायचं, कुठं मुक्काम टाकायचा, लोकरीचं काय काय घ्यायचं, सगळं जावयाला समोर बसवून सांगायचा.

"वर हवा विरळ असते," तो म्हणाला. "भसाभसा चढलं की डोकं धरतं, उलट्या होतात. म्हणून दोन पावलं चढायचं, बसायचं, पाणी प्यायचं, दम घ्यायचा. मग पुढं. समजलं?"

"बरं," म्हणाला सखाहरी. गाठ मारली.

त्याच आठवड्यात शेजारच्या गोदाकाकूंच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. शेंड्याला जरा कुठं धुमसत होतं. काकूंनी शिडी लावली, सखाहरीच्या हातात भरलेली बादली दिली आणि म्हणाल्या, "चढ बाबा, वर ओत."

सखाहरी चढला. दोन पायऱ्या चढला आणि बसला. बादलीतलं पाणी प्यायला. दम घेतला. मग दोन पायऱ्या चढला. बसला. पाणी प्यायला.

"अरे मेल्या, ओत की वर," काकू खालून.

"काकू, भसाभसा चढलं की उलट्या होतात."

शेंड्यावर पोचला तेव्हा बादली रिकामी होती आणि शेंडाही नव्हता. गंज बसली होती, तिच्याबरोबर शिडी बसली, शिडीबरोबर सखाहरी. पोट तेवढं टम्म.

आईनं, अनसाबाईनं, त्याला घरी आणून राख झटकली. "अरे, धूर दिसला की बसत असतात होय? धूर दिसला की धावायचं. हाताला लागेल ते पाणी घ्यायचं आणि ओतायचं. विचारत बसायचं नाही."

"बरं," म्हणाला सखाहरी. गाठ मारली.

थंडी पडली. सासरा-जावई निघाले. आगगाडी, मग मोटार, मग खेचर, मग स्वतःचे पाय. वर नोरबू नावाचा वाटाड्या भेटला. त्याची बोली वेगळी, पण माणूस ओरडला की सगळ्या बोली सारख्याच कळतात, आणि नोरबूला पुढं बरंच ओरडावं लागलं. बर्फात तंबू ठोकले. थंडी अशी की बोललेलं ओठातच गोठावं.

सकाळी कोंडाजी तंबूबाहेर आला. हात पसरले, डोंगराकडं बघितलं आणि समाधानानं लांब श्वास सोडला. तोंडातून भपकन वाफ निघाली.

सखाहरीनं बघितलं. सासऱ्याच्या तोंडातून धूर. तो धावला. बादलीवर बर्फाची खपली होती, ती कोपरानं फोडली आणि अख्खी बादली सासऱ्याच्या तोंडावर ओतली. विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच.

कोंडाजी जागच्या जागी ताठ झाला. मिशांना बर्फाच्या लोंबत्या काड्या आल्या.

"जा-जा-जावईबापू, हे काय?"

"मामा, आत पेटलं होतं."

नोरबू ओरडला. दोघांनी मिळून कोंडाजीला रजईत गुंडाळला, शेगडीपाशी ठेवला, तेव्हा कुठं त्याच्या दातांची वाजंत्री थांबली. मग तो म्हणाला, अगदी हळू म्हणाला, कारण जावई होता, "हे बघा. इथं गार झालं की जीव जातो. गार पडलेलं दिसलं की त्याला ऊब द्यायची. गरम पाणी, शेगडी, काय असेल ते. पाणी ओतायचं नाही."

"बरं," म्हणाला सखाहरी. गाठ मारली.

दुपारी त्यानं सासऱ्याची दुर्बीण हातात घेतली. गारढोण. दोन्ही डोळे गोठलेले. त्याला कळवळा आला. शेगडीवर चहाचं पातेलं उकळत होतं, त्यात त्यानं दुर्बीण अलगद सोडली आणि वर झाकण ठेवलं.

नोरबूनं चहा गाळला तेव्हा गाळणीत चहापत्ती निघाली, आलं निघालं आणि एक भिंग निघालं.

कोंडाजी बराच वेळ त्या भिंगाकडं बघत बसला. बिबट्या बसायचा समोरच्या कड्यावर, दुर्बिणीशिवाय म्हाताऱ्या डोळ्यांना कडाच धड दिसत नव्हता, मग बिबट्या कुठला दिसायला. इकडं सखाहरीलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बिबट्या नाही, तर सगुणा नाही, एवढं त्यालाही कळत होतं. तो सासऱ्यासमोर उकिडवा बसला.

"मामा, आता काय करू सांगा. सांगाल तसं करतो."

"तेच तर," कोंडाजी म्हणाला. "आता कशालाही हात लावू नका. काही झालं तरी लावू नका."

"बरं," म्हणाला सखाहरी. गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तिघं डोंगराच्या धारेवरून चालले होते. कोंडाजीचा पाय बर्फावरून सटकला. तो उताराला लागला, एका दगडाला कसाबसा लटकला आणि हात वर केला.

"जावईबापू, हात द्या."

सखाहरीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"अहो, हात."

"नाही मामा. काल एकदा चुकलो, आज चुकायचा नाही."

कोंडाजी घसरत घसरत खाली गेला आणि घळीत बुडावर जाऊन बसला. नोरबू ओरडत खाली उतरला आणि मध्येच गप्प झाला. कोंडाजी जिथं पडला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना पंजे उमटले होते. ताजे. बशीएवढे.

कोंडाजी कंबर विसरला. जावयाला जवळ बोलावून कानात म्हणाला, "इथंच कुठंतरी आहे. आता नीट ऐका. हलायचं नाही. बोलायचं नाही. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. जवळ आलाच, तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, डोळ्यात बघायचं नाही. हात वर करायचे, अंग मोठं करायचं आणि मागं मागं सरायचं. आपल्या रानातल्या बिबट्याला आम्ही असंच करायचो."

"बरं," म्हणाला सखाहरी आणि गाठ मारायला वाकला. पण हलायचं नव्हतं. म्हणून वाकलेलाच राहिला, एक हात उपरण्याला, एक पाय अर्धा वर.

कोंडाजी आणि नोरबू दगडाआड दडले. त्याला खुणा केल्या, इकडं या, इकडं या. तो कसला येतोय. बर्फ भुरभुरायला लागलं. त्याच्या टोपीवर साचलं, पाठीवर साचलं. थोड्या वेळानं तो खडकासारखा दिसायला लागला. तसा फरक थोडाच होता म्हणा.

आणि तो आला. राखेच्या रंगाचा, अंगावर काळी फुलं, शेपूट अशी जाड की गुंडाळून उशाला घ्यावी. डुलत डुलत उतरला आणि थेट सखाहरीपाशी आला. हुंगलं. भोवती फिरला. अर्ध्या वर असलेल्या पायाला अंग घासलं, मांजर घासतं तसं. सखाहरी हलला नाही. फक्त आठवलं, जवळ आलाय. मग त्यानं डोळे आभाळाला लावले, हात वर केले, छाती फुगवली आणि मागं मागं सरायला लागला. खडकाला हात फुटलेले बघून बिबट्याला नवल वाटलं. तो चार पावलं त्याच्यामागं आला. सखाहरी मागं सरत सरत दगडापर्यंत आला आणि बिबट्या त्याच्या मागोमाग, कोंडाजीच्या नाकासमोर. मिशीचा केस न् केस दिसावा इतका. मग त्यानं एक जांभई दिली आणि आला तसा निघून गेला.

कोंडाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावरच गोठलं.

"जन्म रानात काढला," तो म्हणाला, "पण असलं जनावर बघितलं नव्हतं." आणि हे बोलताना तो जावयाकडं बघत होता.

परतताना गाडीत त्यानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, येत्या सोमवारी या, सगुणाला न्यायला. आणि एक सांगतो. त्या दिवशी बर्फात वागलात ना, तसंच वागत चला. दुसरं काही करूच नका."

"बरं," म्हणाला सखाहरी. गाठ मारली. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी शाबास म्हटलं होतं. ती गाठ त्यानं दोनदा आवळली.

सोमवार उजाडला. तिकडं अनसाबाईनं घर सारवलं, उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं, ओवाळायला आयाबाया जमवल्या. नवी सून उजव्या पायानं माप सांडून आत येते आणि मग घर तिचं होतं, ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

इकडं सगुणा हिरवं लुगडं नेसून ओसरीवर बसली. शेजारी ट्रंक. नवऱ्याचा पत्ता नाही. सकाळ गेली, दुपार गेली. कोंडाजी चार वेळा वेशीपर्यंत जाऊन आला. "नाही आला," तो म्हणाला. "आत ये पोरी." सगुणाचे डोळे भरले. तोंड धुवायला म्हणून ती अंगणात गेली आणि तिला समोरच्या बांधावर, निवडुंगाआड, काहीतरी दिसलं. पांढरी चादर. चादरीतून एक ओळखीचं नाक. डोक्यावर कावळा.

"अहो," सगुणा म्हणाली.

ओ नाही.

"अहो, आत या की. चहा टाकलाय."

हालचाल नाही. कावळा तेवढा उडाला.

सगुणा बांधाकडं निघाली. तशी चादर गळून पडली. सखाहरी उठला. डोळे आभाळाला, हात वर, छाती फुगलेली. आणि तो मागं मागं सरायला लागला.

सगुणा थांबली. तो थांबला. ती एक पाऊल पुढं आली. तो एक पाऊल मागं गेला.

पोरगी रानातल्या माणसाची होती, जनावराची चाल तिला कळत होती. ती ओसरीवर परत गेली, ट्रंक डोक्यावर घेतली, बापाच्या पाया पडली आणि सखाहरीच्या रोखानं चालायला लागली.

"अगं, हे काय?" कोंडाजी म्हणाला.

"येते मी, बाबा. आमच्याकडं असंच नेतात."

ती एक पाऊल पुढं, तो एक पाऊल मागं. बांधावरून, ओढ्यातून, भरल्या बाजारातून. सखाहरी मडक्यांच्या ढिगातून मागं गेला, भाजीवालीच्या पाटीतून मागं गेला, पण पाठ म्हणून दाखवली नाही.

"काय गं बाई, काय चाललंय?" लोक विचारायचे.

"नांदायला चाललेय," सगुणा सांगायची.

दिवेलागणीच्या आत घर आलं. दारात अनसाबाई, हातात ओवाळणीचं ताट, भोवती बायका. सखाहरी मागं मागं आला, बायका बाजूला झाल्या, आई म्हणतेय थांब थांब, हाक मारली तरी ओ द्यायची नव्हती, आणि त्याची उजवी टाच मापाला लागली. तांदूळ खळकन घरभर पसरले. सखाहरी आत. सगुणा उंबऱ्याबाहेर.

अनसाबाईनं तांदळाकडं बघितलं. मुलाकडं बघितलं. सुनेकडं बघितलं. मग ताट उचललं, सखाहरीच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला ओवाळलं आणि म्हणाली, "माप ज्यानं सांडलं ती सून. माझ्या घरात रीत मोडायची नाही. चूल त्या अंगाला आहे. पहाटे उठायचं, सडा घालायचा, मोठ्यांदा बोलायचं नाही."

"बरं," म्हणाला सखाहरी. गाठ मारली आणि पदर म्हणून उपरणं डोक्यावरून घेतलं.

सगुणानं ट्रंक खाली ठेवली, खुंटीवरचा आसूड काढला आणि बैल बघायला गोठ्यात गेली. तेव्हापासून नांगर ती धरते आणि भाकऱ्या तो थापतो. गोल येतात म्हणे. आणि दर थंडीत सगुणा बापाबरोबर बिबट्या बघायला जाते. सखाहरीला नेत नाहीत, सासू सोडत नाही.

झालं. उठा आता, चालायला लागा. आणि नीट पाठ फिरवून जा, दारात माझी भांडी आहेत.