सहा परळ

फार पूर्वी वरुणावती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचं घर कुंभारआळीला लागून होतं. शेजारीण खेमा कुंभारीण. अमात्याकडे कोण आलं, कोण गेलं, सगळं तिला ठाऊक.

त्या वर्षी रानहत्तींचा कळप रोज आळीतून गावतळ्यावर उतरू लागला. वाळत घातलेली मडकी पायाखाली जात, परवा तर खेमाची भिंतच कोसळली. राजसभेत मत देण्याची रीत अशी, की पांढरा खडा म्हणजे होय, काळा म्हणजे नाही. प्रश्न ठरला : हत्ती मारावेत काय? निवाडा उद्यावर ठेवला.

दुपारी अमात्य खेमाच्या अंगणात आला.

"खेमाताई, सहा परळ द्या, हे पसरट मातीचे. आणि हत्ती यंदाच का हो येतात?"

"अहो, वरच्या तळ्याला राणीसाहेबांच्या कमळांसाठी कुंपण घातलंय ना! हत्तींचं पाणीच तुटलं. मला विचारलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. पण परळ कशाला? पाहुणे येणार?"

"उद्या सभेत या, दिसेल."

खेमा गेलीच. खांबाआडून मान उंचावून बघू लागली.

"महाराज," अमात्य म्हणाला, "खडे दोन रंगांचे, म्हणून आपल्याला दोनच वाटा दिसल्या." त्याने सहा परळ ओळीने मांडले. हत्ती मारणे. मशालींनी हाकलणे. खंदक खणणे. कुंभारआळी उठवणे. काहीच न करणे. कुंपण काढणे. "ज्या उपायाने जितक्या जिवांना त्रास, तितके खडे त्या परळात. हत्तीही मोजायचे."

चौथा परळ ऐकून खेमा खांबाआडून पुढे सरकली. आळीतल्या माणसागणिक खडा पडत गेला आणि परळ शिगोशीग भरला. पहिल्यात तेवीस हत्तींचे तेवीस खडे. मशालींच्या ठिणग्यांनी गवती छपरं पेटतील, खंदकात गुरं पडतील. तेही परळ भरले. काहीच न करण्याच्या परळातही आळीचेच खडे. सहाव्यात अमात्याने एकच खडा टाकला.

"हा कोणाचा?" राजाने विचारलं.

"आपला, महाराज. कमळं तुडवली जातील. राणीसाहेबांचा रुसवा आपल्यालाच काढावा लागेल."

सभेत खसखस पिकली. राजाने तो खडा उचलून मुठीत धरला.

"जड आहे," तो म्हणाला, "पण एकच आहे."

त्याच दिवशी कुंपण निघालं. हत्ती पुन्हा आळीत आले नाहीत. खेमा मात्र किती कमळं उरली ते बघून आली.

ही कथा सांगून तथागत शास्ते विहारात जमलेल्यांना म्हणाले, "तेव्हाचा अरिंदम म्हणजे विहाराला आपली आवडती बाग देणारा हा धनिक श्रेष्ठी. खेमा म्हणजे दाराआडून ऐकणारी ती उपासिका. ये बाई, आत ये! आणि अमात्य मीच होतो. निवड करण्याआधी सगळ्या वाटा मांडून, प्रत्येकीचा भार कोणावर पडतो हे पाहणं, हीच प्रज्ञा."