सुरंगीची पहिली कळशी

पालवीचं घर म्हणजे कोल्हापुरातली एक खोली. खिडकीही एकच, आणि ती उघडली की समोरच्या भिंतीला टेकायची. बाबा बाजारात गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, पाठीवर वाहायचे. एके दिवशी पाठीतून कळ निघाली ती निघालीच. आता ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबा घरात बसले, आणि दोन घरची धुणीभांडी करणारी आई पाच घरची करू लागली. शाळेतून आल्यावर पालवी भात लावायची आणि बाबांशी सापशिडी खेळायची. समोर शिडी आली की बाबा मुद्दाम एक घर कमी मोजायचे, म्हणजे ती जिंकावी. पालवीला ते कळायचं आणि फार वाईट वाटायचं.

पण उन्हाळ्याची सुट्टी आली की तिघांची चंगळ असायची. आईची थोरली बहीण शालनमावशी कोकणात समुद्राकाठच्या वाडीत राहायची. वाडी म्हणजे नारळ-पोफळींची हिरवीगार बाग, मधोमध लालचुटुक कौलांचं घर, आणि कुंपणापलीकडे निळाशार समुद्र. शिडाच्या गलबतांच्या काळापासूनची ही वाडी. पायरीशी एक खराखुरा तोफगोळा पडलेला असायचा. कधीकाळी तो कुणावर उडाला असेल कोण जाणे, आता मावशी अधूनमधून तो आमसुलांच्या बरणीवर वजन म्हणून ठेवायची.

यंदा मात्र वाडीत पाऊल टाकताच पालवीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पोफळींची पानं पिवळी पडली होती.

"बावीचा पाणी मचूळ झाला," विहिरीकडे बोट करत मावशी म्हणाली. "दर्याचा मीठ आत घुसला. ह्या वर्साक पोटभर आंबे खावा. पावसाच्या आदी वाडी सोडूचीच लागतली."

पालवीने पिवळ्या पोफळींकडे पुन्हा पाहिलं. वाडी गेली, तर सुट्टीत जायला जागाच नव्हती.

पिण्याचं पाणी आता डोंगरातल्या झऱ्यावरून आणावं लागे. आई हंडा घेई आणि पालवी एक चिमुकली पितळी कळशी. परतताना वाटेत सुरंगीचं म्हातारं झाड लागायचं. त्याच्या मोत्यांसारख्या कळ्या न फुलताच टपटप गळत होत्या. पालवीला राहवेना. तिने आपल्या कळशीतलं अर्धं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. स्वतः दिवसभर घोट-घोट पाणी प्यायली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओतलं, तशी सगळ्यात खालची कळी हलली. तिच्यातून बोटाएवढी एक परी बाहेर आली. केशरी पाकळ्यांचा झगा, चतुराचे झिळमिळते पंख आणि नाकावर चिमूटभर सोनेरी पराग. तिने आधी एक शिंक दिली.

"किती दिवसांनी गोड पाणी मिळालं," परी म्हणाली. "पूर्वी वाडीतली पहिली कळशी माझीच असायची. मग घरातली माणसं पाणी प्यायची. पंप आला आणि सगळे विसरले. पालवी, तुला एक इच्छा देते. पण नियम तीन आहेत. इच्छा एकच. ही कळी फुलायच्या आत मागायची. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर मला देता येणार नाही."

पालवी धावतच बाबांकडे गेली. "बाबा, परीकडे तुमची पाठ बरी करायला सांगू?"

बाबा हसले. त्यांना वाटलं, लेकीचा खेळ चाललाय. "मला काय नको, बाळा. आईला इचार. ती लई दमती."

पालवी आईकडे गेली. आई फणस सोलत होती. "मला कशाला? अक्काची वाडी राहिली म्हणजे झालं. पण तिला विचार हो आधी."

मावशी पायरीवर बसली होती. तिने झाडाकडे नजर वळवली. मग म्हणाली, "माका काय इचारतंस? त्या सुरंगीक इचार. इतकी वर्सां आमका फुलां देता. तिका काय होया, ता कोणी इचारूकच नाय."

पालवी परत झाडाशी आली. कळीची एक पाकळी सुटली होती.

"परी, तुला काय हवं?"

परीने डोळे मोठे केले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मला माझी विहीर हवी," ती हळूच म्हणाली. "ती थकली आहे गं. पंप बटण दाबलं की तिला तळापर्यंत उपसतो. ती रिकामी झाली की समुद्र चोरपावलांनी आत शिरतो. पूर्वी पायांनी फिरवायच्या पायरहाटाने पाणी हळूहळू निघायचं. तेवढ्यात आतून गोड पाणी भरायचं. तिला नीट झोपच मिळालेली नाही."

पालवीला बाबांची पाठ आठवली. क्षणभर तिचं मन तिकडे ओढलं गेलं. पण बाबा नको म्हणाले होते.

"मग विहिरीला झोप मिळू दे," पालवी म्हणाली.

परीने पंख झटकले. केशरी पाकळ्यांची झुळूक उठली आणि विहिरीच्या पाण्यावर मऊ पांघरूण पसरलं. "सात दिवस कुणी पाण्याला हात लावायचा नाही," परी म्हणाली आणि कळीत शिरली.

पालवीने सात दिवसांचं सांगितलं, तेव्हा मावशीने विहिरीत डोकावून पाहिलं. न फुललेल्या झाडाच्या एवढ्या पाकळ्या कुठून आल्या, हे तिला कळेना. पण तिने पंपाचं बटण बंद केलं.

ते सात दिवस काही सोपे नव्हते. आई, मावशी आणि पालवी झऱ्यावरून खेपा घालून झाडांना जगवत होत्या. पालवीच्या हाताला फोड आले. बाबांना ओझं उचलता येईना, आणि नुसतं बसवेना. शेवटी पालवीकडून पायरहाटाचं ऐकून ते गोठ्यात गेले. तिथे जुना लाकडी पायरहाट धूळ खात पडला होता. बाबांनी तो पुसला, काथ्याचे दोर वळले, मोडक्या मडक्यांच्या जागी नवी मडकी बांधली. शेजारच्या दोन गड्यांनी रहाट उचलून विहिरीवर बसवून दिला.

आठव्या दिवशी सकाळी बाबा बैठकीवर बसले आणि पायांनी रहाट फिरवू लागले. कर्रर्र करत चाक वळलं. मडकी एकामागून एक वर आली आणि झुळझुळ पाणी पन्हळात पडू लागलं. पालवीने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोड होतं.

सगळे तहानलेले होते. मावशीने पहिली कळशी भरली, पण ती तोंडाला लावली नाही. जुनी रीत आठवून ती सरळ सुरंगीकडे चालत गेली आणि सगळं पाणी तिच्या मुळाशी ओतलं.

त्याबरोबर झाडावरच्या साऱ्या कळ्या एकदम फुलल्या. मधमाश्या गुणगुणत आल्या. पालवीला शेंड्यावर परी दिसली. परीने हात हलवला, केशरी उजेडाचा एक थेंब झाली, आणि उन्हात मिसळून गेली.

"सुरंगी यंदा उशिरा फुलली," मावशी एवढंच म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. "पंप मी इकून टाकतलंय. रहाटाक मानूस होयो. तुमी तिघांय हयच रवतलास?"

बाबांनी मान खाली घातली. "माझी पाठ गेलीया, अक्का. मी काय कामाचा?"

"पाठ कोणी मागितली?" मावशी म्हणाली. "माका पाय होये."

बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. सकाळपासून रहाट फिरत होता आणि पाठ दुखली नव्हती. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"राहतो की," ते म्हणाले.

संध्याकाळी पायरीवर, तोफगोळ्याशेजारी, पालवी आणि बाबा सापशिडी खेळले. बाबांच्या सोंगटीसमोर शिडी आली. त्यांनी एकही घर कमी मोजलं नाही. सोंगटी सरसर वर गेली, बाबा जिंकले, आणि हरलेली पालवी आनंदाने टाळ्या वाजवत राहिली.