पुलावरचा शेवटचा माणूस

कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाच्या राज्यात, पूर्वेच्या सरहद्दीवर, डोंगर पोखरून घरं केलेलं आमचं लिथारी गाव. थेरापोन महाराज तिथेच एका गुहेत राहत. त्या गावाचं तेव्हाचं वैभव काय सांगावं! छपरांवर जर्दाळू वाळत असायचे, कड्यांतून कबुतरं घुमायची, आणि स्किरोस सरदारांची दोनशे घोडी पाण्यावर निघाली की धुळीत देऊळसुद्धा दिसेनासं व्हायचं. आता ती घोडी नाहीत, सरदारही नाहीत. महाराजांची ही गोष्ट तेवढी राहिली.

त्या घराण्यातले थोरले लिओंटिओस सरहद्दीचे सेनापती. धाकटे निकेतस लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. प्रेत मिळालं नाही, निरोपही नाही. त्यांची बायको अन्थूसा खोगीर शिवणाऱ्याची मुलगी. रोज महाराजांच्या गुहेत यायची, नवऱ्यासाठी दिवा लावायची.

तीन वर्षं गेली. त्या वसंतात शत्रूशी कैद्यांची अदलाबदल ठरली. नदीवर दोन पूल. एकावरून त्यांचा माणूस निघाला की दुसऱ्यावरून आपला निघायचा. एकास एक, असा रिवाज. आपली जितकी नावं यादीत, तितकेच कैदी सोबत न्यायचे.

यादी वाचून झाली तशी अन्थूसा पुढे आली. "भावोजी, यांचं नाव राहिलं."

"राहिलं नाही, मी खोडलं. शनिवारी त्याच्या नावाने गहू वाटायचेत."

"एक कैदी जास्त न्या. पाया पडते तुमच्या."

"मढ्याच्या बदल्यात शत्रू सोडू? फौज म्हणजे खोगीर वाटलं का तुला, दोन टाके जास्त घातले की झालं?"

सगळे सरदार खो खो हसले.

शनिवारी उकडलेल्या गव्हांचं ताट महाराजांपुढे आलं. वर डाळिंबाचे दाणे, बदाम. मृतांसाठी असेच गहू वाटायची आमच्याकडची रीत. महाराजांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "सेनापती, जिवंत माणसासाठी मृतांची प्रार्थना माझ्याच्याने होणार नाही."

"मग तुम्हीच आणा त्याला!" लिओंटिओस कडाडले आणि फौज घेऊन नदीकडे निघून गेले.

अन्थूसाला रडू आवरेना. महाराज म्हणाले, "पोरी, ये, बस. आपण मागू. देव कुणाची यादी बघून देत नाही."

तिकडे नदीवर अदलाबदल झाली. सोबत नेलेला शेवटचा कैदी गेला, आपला शेवटचा माणूस आला. तरी पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी एकजण उभाच होता. केस पांढरे, हाडांचा सापळा.

"दादा!" त्याने हाक मारली.

लिओंटिओसांच्या हातून लगाम सुटला. तो निकेतस होता!

पलीकडून दुभाषा ओरडला, "हा एक उरला! बदली द्या, नाहीतर परत नेतो!"

"माझी शंभर घोडी घ्या!"

"माणसाला माणूस, सेनापती. घोडी नकोत."

माणूस कुठून आणणार? स्वतःच्याच हाताने नाव खोडलेलं! तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ठिगळांची कफनी घातलेले थेरापोन महाराज! "मी जातो ना," म्हणाले, आणि सावकाश पूल चढले. दुसऱ्या पुलावरून निकेतस आले आणि भावाच्या गळ्यात कोसळले. लिओंटिओसांनी पलीकडे पाहिलं तेव्हा तिथे नुसती धूळ होती.

तुमचा साधू शत्रूला देऊन आलो, हे गावाला कोणत्या तोंडाने सांगायचं? सेनापतींची चार दिवसांची वाट याच विचारात सरली. गुहेशी येऊन पाहतात तो महाराज समोर बसलेले!

"महाराज, तुम्ही सुटलात?"

भोवतालच्या बायका म्हणाल्या, "सुटायला गेले कुठे होते? शनिवारपासून आमच्यासोबत इथेच प्रार्थनेला बसलेत."

महाराजांचे डोळे भरून आले. "मी जागचा हललो नाही, बाळा. माझी कफनी घालून कोण आलं, ते तूच ओळख."

अन्थूसाचं तिकडे लक्षच नव्हतं. निकेतसांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत ती नुसती उभी होती.

लिओंटिओस महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "आधी तिच्या."

ज्यांच्या नावाने सरहद्द कापायची, ते सेनापती सगळ्या गावादेखत खोगीरवाल्याच्या लेकीपुढे गुडघ्यांवर आले. ती मागे सरकत म्हणाली, "अहो भावोजी, हे काय! उठा!"

पण ते कितीतरी वेळ उठले नाहीत.