सभापतींची रखडणारी गाडी

तालुका पंचायत समितीचे सभापती दौलतराव भोईटे यांची गाडी सुरू व्हायला रोज रखडायची आणि शिव्या खायच्या ड्रायव्हर इस्माईलने. नवी बॅटरी घालूनही तेच. आज तर सभापती भर चौकात त्याला कामावरून काढायलाच निघाले.

गॅरेजवाल्या सुलभाताईंनी बॉनेट उघडलं. इंजिन बंद होतं, पण टपावरचा कर्णा सभापतींचा जयजयकार करत होता. तो क्षणभरही थांबवायचा नाही, असा सभापतींचा हुकूमच होता.

"गाडीत काही खोट नाही, ह्याच्या हातातच आहे," सभापती कडाडले.

ताईंनी संतापून कर्ण्याची वायर उपटली आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"सगळी बॅटरी तुमचा जयजयकार खातो," त्या म्हणाल्या. "तो थांबला की गाडी चालते. तालुक्याचंही तसंच आहे."