अंबादासची चंची

एका गावात पाऊसपाणी बेताचेच असे. दिवाळी सरली की तिथली माणसे गाड्या जुंपून ऊस तोडायला दूरच्या मुलखात जात. सखाहरी त्यांच्या टोळीचा मुकादम होता. बैलाकडे नुसते पाहून दुखणे ओळखावे ते त्यानेच. रोज संध्याकाळी तो प्रत्येक बैलापाशी थांबायचा. नाकपुडीला हात लावायचा, रवंथ चालू आहे ना ते बघायचा, आणि मगच स्वतः जेवायला बसायचा.

त्या साली टोळीत अंबादास आणि त्याची बायको कावेरी होती. अंबादास बोलका गडी. तो थट्टेला लागला की उसाचे पाचट टोचतेय हेही फडातली माणसे विसरत. त्याच्या कमरेला सुपारीची चंची असे आणि तिच्यात हात घालायची सगळ्यांना मुभा होती. पण हंगाम निम्मा सरला तसा तो गप्प झाला. भाकरी टोपलीत तशीच राहू लागली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो आपल्या कोपीबाहेर, पाचटाच्या झोपडीच्या दारात, नुसता बसे.

कावेरी मुकादमाकडे गेली. म्हणाली, "भाऊ, ह्यांना जरा बसू द्या. कशात जीव लागत नाही."

सखाहरीने अंबादासच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. काय होतंय रे?"

"काही नाही, मुकादम."

"मग धर कोयता. कारखाना काय आपल्यासाठी थांबतोय?"

थोड्या दिवसांनी सखाहरीचा पवळ्या बैल वैरणीला तोंड लावेना. मान खाली घालून इतर बैलांपासून लांब उभा राहिला. सखाहरीचा चेहरा उतरला. "ह्याला जुंपायचं नाही," तो म्हणाला. "मुकं जनावर आहे. ते सांगणार नाही, आपणच ओळखायचं." कुणी कुरकुरले नाही. पवळ्याच्या वाटचा ऊस बाकीच्या गाड्यांवर चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. अंबादासने कमरेची चंची सोडली आणि शेजारच्या भिवसेनच्या हातात ठेवली.

"ठेव तुला. मला नको आता."

"आज दानधर्म निघाला का, पाटील?" भिवसेन म्हणाला. सगळे हसले. सखाहरीही हसला. अंबादास उठून कालव्याच्या दिशेने चालू लागला.

कावेरी पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा चंची तिला भिवसेनच्या हातात दिसली. तिने घागर टाकली.

"भाऊ, ह्यांना शिंगं असती तर तुम्ही केव्हाच ओळखलं असतं!" एवढेच बोलून ती कालव्याकडे धावली.

सखाहरीने हातातली भाकरी खाली ठेवली. वैरण नको, कळपात नको, मान खाली. सगळे त्याच्या डोळ्यांसमोरच होते. तो उठला आणि धावता धावता कावेरीच्याही पुढे गेला.

अंबादास काठावर बसला होता. चपला काढून त्याने शेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. सखाहरी त्याला खेटून बसला आणि बिथरलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पाण्याकडे बघत अंबादास म्हणाला, "कोयता उचलायचा म्हटलं की छातीत गोळा येतो. पोरं गावाकडं आहेत. त्यांची तोंडं आठवायला बसतो, तर आठवत नाहीत. हे दुखणं कुठं दाखवायचं, मुकादम? अंगात ताप नाही."

"मला दाखवत होतास की," सखाहरी म्हणाला. "मीच बघितलं नाही. चल, कावेरी आली बघ."

दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला. मनाचे दुखणे बघणारे डॉक्टर तिथे होते. त्यांनी घाई न करता ऐकले. औषध दिले, विश्रांती सांगितली, आणि त्याला एकटा सोडू नका असे बजावले.

फडात कुरकुर झाली. "मग उद्या आमच्याही मनात दुखेल," एक जण म्हणाला.

"दुखलं तर लगेच सांग," सखाहरी म्हणाला. "पवळ्याचा ऊस वाहिलात तेव्हा कुणी तोंड उघडलं होतं का?" मग मुकादम झाल्यापासून टांगून ठेवलेला आपला कोयता त्याने काढला आणि अंबादासच्या जागी तोडीला उभा राहिला. त्याच्या हाताला फोड आले. कुरकुर थांबली.

पवळ्या लवकर सावरला. माणसाला वेळ लागला. कधी बरा दिवस जाई, कधी पुन्हा भाकरी राही. पण आता संध्याकाळी बैल बघून झाले की सखाहरी कोप्यांवरूनही फिरे. जेवलास का, झोप लागते का, असे विचारी, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसे.

हंगाम संपत आला होता. एका संध्याकाळी अंबादास आपणहून चुलीपाशी येऊन बसला आणि त्याने भिवसेनपुढे हात केला.

"माझी चंची दे. आणि सुपारी किती संपवलीस तेही सांग."

भिवसेनने चंची दिली. ती काठोकाठ भरलेली होती.

तात्पर्य: मनाचे दुखणे हाताला गरम लागत नाही. सोबत राबणाऱ्या माणसाची भूक, झोप आणि अबोला वेळीच पाहावा. आणि विचारल्यावर ऐकायला थांबावे.