हेमांगीची आरोळी

एका शहरात टेनिस खेळणारी एक मुलगी होती. तिचं नाव हेमांगी. खेळायची छान, पण शहराला ती माहीत होती तिच्या आवाजामुळे. रॅकेट चेंडूला लागली रे लागली की ती ‘हाऽऽआ!’ अशी आरोळी ठोकायची. मैदानाला लागून असलेल्या रसवंतीवाल्याला आत हेमांगीचा सामना चालू आहे हे भिंतीपलीकडूनच समजायचं. कुणी हसलं तर ती म्हणायची, “जोर लावला की आपोआप निघतो. मी तरी काय करू?”

सुरुवातीला ते खरंही होतं. शाळेत असताना जड रॅकेट फिरवताना तिच्या तोंडून हुंकार निघायचा, तो कुणाच्याही तोंडून निघाला असता. पुढे ती मोठ्या स्पर्धा खेळू लागली, टेनिस हाच तिचा व्यवसाय झाला, आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. टेनिस नुसत्या डोळ्यांनी खेळत नाहीत, कानांनीही खेळतात. चेंडू जोरात हाणला तर तारांचा आवाज एक, हळूच कापला तर दुसरा. त्या आवाजावरून समोरची खेळाडू पुढे धावायचं की मागे, हे ठरवते. झालं! हेमांगीनं आपली आरोळी नेमकी त्या आवाजावर आणून बसवली. चेंडू नुसता जाळीपलीकडे टाकायचा असला तरी ती धान्याचं पोतं उचलल्यासारखी ओरडू लागली. समोरची बिचारी मागे पळायची आणि चेंडू जाळीपाशी टुपकन पडायचा. ही युक्ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही.

तशी ती लबाड नव्हती हो! त्या स्पर्धांमध्ये रेषांवर माणसं नसायची. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानं सांगायचं आणि समोरच्यानं ते मानायचं, अशी रीत होती. त्यात हेमांगी अगदी चोख. केसभर जरी चेंडू रेषेला लागला असला तरी ती हात वर करून ‘आत’ म्हणायची. रेषेबाबत खोटं बोलणाऱ्यांचा तिला मनापासून राग यायचा. आरोळीचं मात्र तिनं मनाशी वेगळं खातं ठेवलं होतं.

त्या वर्षी तिनं अंतिम सामना गाठला. जिंकणारीला परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार होता. लहानपणापासून ती याचसाठी घाम गाळत होती. समोर होत्या शुभदाताई पेंडसे. वयानं बऱ्याच मोठ्या, आणि इथं हरल्या तर ही त्यांची शेवटचीच स्पर्धा. म्हणजे त्यांना पुन्हा अशी संधी मिळणार नव्हती.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या सेटमध्ये दोघी बरोबरीत असताना हेमांगीनं गगनभेदी आरोळी ठोकली आणि चेंडू हलकेच जाळीपलीकडे सोडला. शुभदाताई मागे धावल्या, फसल्या, वळल्या आणि धाडकन पडल्या. गुडघा सोलवटून निघाला. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. पंच मुल्लासरांनी खेळ थांबवून दोघींना बोलावलं.

“हेमांगी, हा आवाज मुद्दाम काढलास का? मुद्दाम असेल तर पॉइंट यांचा. आपोआप आला असेल तर पुन्हा खेळा.”

“नाही सर. आपोआप आला,” हेमांगी म्हणाली. किती सहज म्हणाली!

पंचांचा चेहरा काही खुलला नाही. तेव्हा शुभदाताईच बोलल्या, “सर, मघाशी माझा चेंडू रेषेपाशी पडला होता. मला स्वतःला तो बाहेर वाटला. हिनं आत दिला. ही पोरगी खोटं बोलणारी नाही. मी सांगते ना!”

पंचांनी मान डोलावली आणि पॉइंट पुन्हा खेळायला सांगितलं. शुभदाताई गुडघ्याला रुमाल बांधून लंगडत आपल्या जागी गेल्या.

हेमांगीचे कान तापले. आता गप्प राहून खेळावं, असं तिला वाटलं. पण तिनं न ओरडता सणसणीत चेंडू मारला असता, तर मघाचा आवाज आपोआप नव्हता हे सगळ्या मैदानाला कळलं असतं. एक खोटं सांभाळायला तिला पुन्हा ओरडावं लागलं. मग पुन्हा. प्रत्येक आरोळीनंतर तिची नजर त्या रुमालाकडे जायची आणि तिला स्वतःची किळस यायची. तरीही ती ओरडतच राहिली, आणि जिंकली.

शुभदाताईंनी जाळीपाशी येऊन तिला जवळ घेतलं. “शाब्बास! जा, परदेशात नाव काढ.”

टाळ्या वाजत होत्या. हेमांगीला मान वर करवेना. चषक घेताना छायाचित्रकार “हसा, हसा” म्हणत होता, पण तिला ते काही जमलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत शुभदाताई एकट्याच जखम धूत बसल्या होत्या. हेमांगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

“ताई, तो आवाज मुद्दाम होता. नेहमीच असतो. हा चषक तुमचा आहे. मी आत्ता जाऊन पंचांना सांगते. मला माफ करा.”

शुभदाताईंनी रुमाल पिळून बाजूला ठेवला. रागावल्या असत्या तर हेमांगीला बरं वाटलं असतं.

“पंचांना सांग. ते तुला सांगायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “पण चषक मला नको. खेळात हारजीत व्हायचीच. मी चारचौघांत तुझ्यासाठी शब्द टाकला होता, हेमांगी. तेवढा मला परत दे.”

हेमांगीच्या हातात चषक तसाच राहिला. तो घेऊनच ती पंचांकडे निघाली.

तात्पर्य: आपल्या खोट्याला कुणी विश्वासानं खरं म्हणू लागलं, तर त्याच क्षणी त्याला थांबवावं. उशिरा कबुली देऊन जिंकलेलं परत करता येतं, पण त्याचा मोडलेला विश्वास परत करता येत नाही.