धोंडू नावाचा नायक

दादासाहेब रांगणेकर मोठे प्रकाशक. पुस्तक वाचायला त्यांना सवड नसे, पण नायकाचं नुसतं नाव ऐकून ते कादंबरीचं भविष्य सांगत. मालतीबाई कारखानीस आपली पहिली कादंबरी घेऊन गेल्या, तेव्हा पहिल्याच पानावर दादासाहेबांनी चष्मा काढला.

"नायकाचं नाव धोंडू? अहो बाई, धोंडूनं विहीर खणावी, तो प्रेम कसलं करतोय! नायक म्हणजे विक्रांत, रणजित, शेखर. नाव बदला, नाहीतर हस्तलिखित परत न्या."

"तुम्ही छापलेल्या विक्रांतचं पुढे काय झालं हो?"

"पहिल्या आवृत्तीतच आटोपला."

"आणि रणजित?"

"तोही."

"शेखर?"

दादासाहेब पंख्याकडे बघू लागले.

"मग माझं बरोबर आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे यमाची नजर जाऊ नये म्हणून पुढच्याचं नाव धोंडू, केरबा असं दगडाकेराचं ठेवतात. तुमच्या घरी येणाऱ्या पोराला मी दुसरं काय नाव देणार?"

दादासाहेबांनी हस्तलिखित मुकाट्यानं ठेवून घेतलं. बाई दारापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून हळूच आवाज आला, "पुढच्या कादंबरीत एखादा केरबा जमेल का?"